कपाटामागचा कोपरा

पत्ता त्याचाच होता. टेबलामागच्या बाईने दिवसभराच्या कामाच्या पाच चिठ्ठ्या पुढे सरकवल्या, त्याने नेहमीसारख्या ऑफिसचा जिना उतरता उतरता चाळल्या, आणि चौथी वाचून तो पाचवीवर गेलासुद्धा. स्वतःचा पत्ता माणूस लिहितो, वाचत नाही, त्यामुळे असेल. आणखी दोन पायऱ्या उतरून तो थांबला. त्याने चौथी चिठ्ठी पुन्हा वर घेतली. तिसरा मजला, खोली क्रमांक अकरा. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत. भाड्याने देणे आहे. घर केव्हा रिकामं होणार ते लिहायच्या जागी बाईच्या गोल गोल अक्षरात: लवकरच. आणि त्याखाली: किल्ली नको, घरी म्हातारी असते. एकोणीस वर्षं त्या खोलीत काढून तो आणि त्याची आई 'लवकरच' एवढ्याशा शब्दात मावले होते, आणि त्यातली आई तर नुसती दार उघडण्यापुरती उरली होती. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला तो भिंतीला चिकटला, तेव्हा आपण हसतोय असं त्याच्या लक्षात आलं. बाईचा दोष नव्हता. ऑफिसच्या रजिस्टरात त्याने मामाचा पत्ता दिला होता. मामाचं घर मालकीचं होतं, आणि नोकरीला लागताना कागदावर तरी चांगल्या घरात राहावं असं त्याला वाटलं होतं. अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्याचं काम भाड्याच्या घरांचे फोटो काढायचं. त्या ऑफिसात त्याला 'कोपरा' म्हणत, कारण कुठल्याही घरात शिरला की तो आधी कोपरा शोधायचा. ज्या कोपऱ्यातून खोली सगळ्यात लांब दिसते त्यात स्टूल ठेवायचं, त्यावर चढायचं, छताला डोकं लागेल एवढं वर जायचं, सगळं आत ओढून घेणारी रुंद लेन्स लावायची, आणि घरात जे काही असेल ते उचलून स्वतःच्या पाठीमागे रचायचं. खाटा, बादल्या, उशा, शिलाईचं मशीन, आजारी आजोबा. लोकांना वाटतं फोटोतली खोली रिकामी असते. तिच्यातलं सामान फोटो काढणाऱ्याच्या ढुंगणाला टेकून उभं असतं, आणि त्या सामानाच्या मागे घरातली माणसं पोट आत ओढून उभी असतात, जणू त्यांचाच फोटो निघतोय. दार उघडताना सगळेच्या सगळे एक वाक्य बोलायचे. "जरा पसारा आहे हं." हजारभर घरांत त्याने हे वाक्य ऐकलं असेल. चार मजली बंगल्यातली बाईही म्हणायची आणि पत्र्याखाली सहा जणांत राहणारा गडीही म्हणायचा, तशाच ओशाळ्या हसण्याने. सुरुवातीला तो म्हणायचा, असू द्या, असू द्या. पुढे नुसता हुं करायचा, आणि मग तेही सोडलं. त्याला त्या वाक्याची किळस यायला लागली होती. तुमचंच घर, तुमचाच पसारा, आणि कोण कुठला फोटोवाला आला तर त्याची माफी मागायची! घरमालकांचा त्याला राग होता, दलालांची त्याला घृणा होती, पण खरा तिरस्कार त्याने राखून ठेवला होता तो घरं बघत हिंडणाऱ्यांसाठी. फोटो बघून येणारी ती जोडपी, ते म्हातारे, त्या पोरी. दारात उभं राहून खोलीकडे बघणार, मग हातातल्या फोनकडे, मग पुन्हा खोलीकडे, आणि म्हणणार, "फोटोत तर मोठी होती." अरे, फोटोत मोठी होती कारण ती फोटोत होती. एवढं कळत नाही तर राहा रस्त्यावर.

चिठ्ठी खिशात घालून तो फुटपाथवर आला आणि मालकाच्या मुलाला फोन लावला. मालक दोन वर्षांपूर्वी वारला होता. तो खडूस होता, पण शब्दाचा पक्का. मुलगा गोड होता, आणि गोड माणसांची त्याला आधीपासूनच धास्ती वाटायची.

"खोलीचे फोटो काढणार आहेत म्हणे. कानावर आलं."

"हो हो, मी करणारच होतो तुम्हाला फोन," मुलगा म्हणाला. "घाबरू नका हो. नुसते टाकून बघतोय. बायको म्हणाली, बघायला काय जातं? चांगलं भाडं देणारं कुणी आलं तर आलं. नाहीतर तुम्ही आहातच की. राहा आहे त्या भाड्यात, मी एका शब्दाने बोलणार नाही."

"आणि कुणी आलं तर?"

"कोण येतंय हो त्या खोलीत!" मुलगा मनापासून हसला. "खरं सांगू का, बाबांनी हौसेने घेतली म्हणून ठेवलीय. मला तर तो जिना चढायचासुद्धा कंटाळा येतो."

फोन ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा राग आला तो खोलीचा अपमान झाला म्हणून, आणि आपल्याला याचा राग यावा याचाही. पण मग चालता चालता त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. कोण येतंय त्या खोलीत, हे ठरवणारा तोच होता. फोटो वाईट निघाला की प्रश्न मिटला. घर लहान दाखवायला अक्कल लागत नाही, पण त्याच्यापाशी तर अक्कलही होती. दारात उभं राहायचं. भर दुपारी दिवा लावायचा, म्हणजे भिंती पिवळ्या, आजारी दिसतात. पुढ्यात एखादी बादली येऊ द्यायची. दोरीवरचे कपडे तसेच ठेवायचे. कॅमेरा छातीच्या खाली धरायचा. अकरा वर्षं त्याने खुराड्यांचे महाल केले होते, आता एका खोलीची नुसती खोली ठेवायची होती. म्हणजे आयुष्यात एकदा खरा फोटो काढायचा होता, आणि तो आपल्याच पोटासाठी. त्याला त्या विचाराची गंमत वाटली. त्या दिवशीची पहिली तीन घरं त्याने शीळ घालत उरकली. एका घरात बाई म्हणाली, जरा पसारा आहे, तेव्हा तो चक्क म्हणाला, "आमच्याकडे या एकदा."

चौथं घर त्याने बुधवारवर ठेवलं, कारण बुधवारी सकाळी आई गुडघे शेकून घ्यायला दवाखान्यात जायची आणि तिथल्या बाकावर ओळखी काढून दीडेक वाजेपर्यंत परतायची. तो अकराला घरी आला. कुलूप उघडून आत पाऊल टाकलं, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, काखेत घडीचं स्टूल, आणि पाय उंबऱ्यातच थांबले. सवयीने त्याची नजर कोपरा शोधत फिरली होती. एकोणीस वर्षांत या खोलीत तो असा कधी आलाच नव्हता. घरी येतो तेव्हा माणूस घर बघत नाही, चप्पल काढतो, पाणी पितो. आता त्याला खोली दिसली. बारा फूट बाय नऊ, फार तर साडेनऊ. डाव्या हाताला खाट, ती बाबांची, आता आई झोपते. खाटेवर खिडकी. खिडकीपलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा पाइप. उजव्या भिंतीला लोखंडी कपाट, त्यावर बॅगा, बॅगांवर गाद्या, गाद्यांवर एक पंखा, जो बंद पडून सहा वर्षं झाली होती आणि दुरुस्त होणार होता. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत तिरकी बांधलेली दोरी, तिच्यावर आईचे दोन गाऊन आणि त्याचा टॉवेल.

ही दोरी बाबांची. मालकाने करार करताना बजावलं होतं, भिंतीला खिळा मारायचा नाही. लोक हे ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी चार खिळे मारतात. बाबांनी तेरा वर्षं एक खिळा मारला नाही. ते घाबरट होते म्हणून नाही, फार मानी होते म्हणून. उद्या जायची वेळ आली तर भिंतीकडे बोट दाखवायला त्याला जागा ठेवणार नाही, असं म्हणायचे. कॅलेंडर गजाला. घड्याळ कपाटावर उभं. शर्ट दोरीवर. आरसा पाण्याच्या पिंपावर टेकवलेला, त्यामुळे बाबा दाढी करताना गुडघ्यात वाकलेले असायचे, आणि लहानपणी त्याला वाटायचं दाढी वाकूनच करतात. इथे आपण तात्पुरते आहोत, असं ते पाहुण्यांना सांगायचे. तात्पुरते तात्पुरते करत या खाटेवर खिडकीकडे तोंड करून ते गेले. शेवटच्या महिन्यात ते त्या शेजारच्या भिंतीकडे तासन्‌तास बघत असायचे आणि एकदा म्हणाले होते, एखादी नीट खिडकी असती तर बरं झालं असतं. त्यावर तो म्हणाला होता, पाइप तरी दिसतोय. बाबा हसले नव्हते. बाबा गेल्यानंतर आठवड्याभराने तो कामावरून आला तर दाराच्या समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो. आईने बत्त्याने खिळा ठोकला होता. भिंतीचा टवका उडाला होता आणि आईच्या अंगठ्याला चिंधी होती. "येऊ दे त्याला विचारायला," एवढंच ती म्हणाली.

त्याने दारातून पहिला फोटो काढला. दिवा लावून, छातीच्या खाली कॅमेरा धरून, पुढ्यात बादली. मग कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो बघितला, आणि त्याच्या कानशिलापर्यंत काहीतरी गरम चढत गेलं. फोटो अगदी हवा तसा होता. औषधांच्या पिशव्या, पिशव्यांची पिशवी, बाटलीला घातलेला फडका, छताच्या कोपऱ्यातली ओल, आईचा गाऊन, गाऊनच्या काखेत उसवलेलं भोक. हा फोटो आता ऑफिसात जाणार होता, आणि तिथे तो पहिल्यांदा बघणार होती पुसणारी. पुसणारी म्हणजे कॉम्प्युटरवर फोटो साफ करणारी त्याची सहकारी. डाग, वायरी, ओल, सगळं ती बोटाच्या टोकाने पुसून टाकायची, आणि पुसता पुसता बोलायची. अकरा वर्षं तो तिच्या शेजारी बसून चहा पीत हसत आला होता. "कोपरा, हे खुराडं बघ. ए, हे बघ, मोरीत देव्हारा की देव्हाऱ्यात मोरी? माणसं राहतात की कोंबड्या?" ती दुष्ट नव्हती, तिचं स्वतःचंही घर काही मोठं नसणार. पण ती बोलायची आणि तो हसायचा, कधी कधी तिच्या आधी तोच बोलायचा. खुराडं हा शब्द मुळात त्याचाच होता. आता त्याला ती आईच्या गाऊनचं भोक मोठं करून बघताना दिसली. तिचा आवाज इतका स्पष्ट आला की त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. आणि रिकाम्या खोलीला उद्देशून तो मोठ्याने म्हणाला, "जरा पसारा आहे."

हे आपण बोललो हे कळल्यावर तो खाटेवर बसला. मग उठला. फक्त कपडे काढू, एवढंच त्याने ठरवलं. वाईट फोटो काढायचा, पण घाणेरडा कशाला? कपडे काढल्यावर दोरी भिकार दिसायला लागली, म्हणून दोरी सोडली. दोरी सुटल्यावर पिशव्या डोळ्यांत भरल्या. पिशव्या स्वयंपाकघरात गेल्या, त्यांच्यामागून बादली गेली, पिंप गेलं, गाद्या, बॅगा, पंखा. घाम फुटला. बाबांचा फोटो उतरवून त्याने गादीवर पालथा ठेवला, उताणा ठेवला तर ते बघत राहिले असते. एव्हाना खोलीचा कोपरा त्याला सापडला होता. तो कपाटामागे होता. कपाट हललं नसतं तर कदाचित तो अजूनही थांबला असता, पण पाठ लावून रेटल्यावर ते करकरत दोन हात सरकलं, आणि मागची भिंत उघडी पडली. फिकट हिरवी, स्वच्छ, नवीकोरी. एकोणीस वर्षांपूर्वी सगळी खोली या रंगाची होती. त्याला आठवलं, पहिल्या दिवशी रंगाचा वास येत होता, तो शाळेच्या गणवेशात होता, आणि आई हात मागे बांधून भिंतीपासून लांब लांब चालत होती, बोटं उमटू नयेत म्हणून. खाट उभी करून त्याने कपाटाला टेकवली, आणि दोन्हींना पाठ लावून तो त्या कोपऱ्यात स्टूलवर चढला. छत केसांना लागलं. या जागेवरून ही खोली आजवर कुणीच पाहिली नव्हती. त्याने दिवा बंद केला, खिडकीचा उजेड इतका वाढवला की भिंत आणि पाइप पांढऱ्या प्रकाशात विरघळून गेले आणि खिडकीबाहेर मोकळं आकाश असावं असं वाटायला लागलं. फरशी लांब झाली. उजेडाचा एक पट्टा तिच्यावर पडला, जो तिथे कधीच पडत नाही. त्याने बोट दाबलं. इतका चांगला फोटो त्याने अकरा वर्षांत काढला नव्हता, आणि त्याच्या पाठीला बाबांची खाट आणि लोखंडी कपाट टेकून उभं होतं.

दीड वाजता आई आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती म्हणाली, "केर काढलास का रे? खोली कशी वेगळी वाटतेय." तो म्हणाला, काढला. ती भलतीच खूश झाली.

कोणता फोटो द्यायचा हे अजून त्याच्या हातात होतं. संध्याकाळी ऑफिसात बसून त्याने ते स्वतःला तीनदा बजावलं. दारातला दिला की काम झालं, दोन महिन्यांनी मालकाचा मुलगा कंटाळेल, आई मरेपर्यंत तिथेच राहील. खरं म्हणजे यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. पण पुसणारी खुर्ची ओढून शेजारी आली, चहाचा कप त्याच्या कागदांवर ठेवला, "दे, ते राहिलेलं चार नंबरचं काय आहे?" म्हणाली, आणि त्याने कोपऱ्यातला दिला. तिने तो पडद्यावर उघडला आणि तोंड पडद्याजवळ नेलं. मग म्हणाली, "कोपरा, हे बरं आहे रे." त्याच्या छातीत काहीतरी फुगलं, लहान मुलाला शाबासकी मिळाल्यासारखं, आणि त्याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली. "एवढ्याशा जागेत किती शांत वाटतंय. कुणाचं आहे?" "असेल कुणाचं तरी," तो म्हणाला. "मी राहीन बाबा इथे," ती म्हणाली, आणि राहायला जायच्या तयारीनेच जणू साफसफाईला लागली. छताची ओल पुसली. कपाट हलवल्याचा ओरखडा पुसला. समोरच्या भिंतीवर येऊन तिने फोटो मोठा केला. "हा खिळा बघ. भिंतीचा पार सत्यानाश केलाय. लोकांना ना, दुसऱ्याचं घर असलं की हातोडी सुचते." ती दोनदा बोट हलवणार होती, एकदाच पुरलं. खिळा गेला, टवका गेला, त्याखालची हिरवी भिंत सलग झाली. तो चहा प्यायला. चहा नेहमीसारखाच बेचव होता.

पाचव्या दिवशी मालकाच्या मुलाचा फोन आला. आनंद त्याच्या आवाजात मावत नव्हता. "अहो, काय सांगू! बारा जणांचे फोन. मला स्वतःला माहीत नव्हतं आपली खोली अशी आहे. तुम्ही इतकी वर्षं ऐश केलीत की हो!" पावणेदोनपट भाडं देणारं एक जोडपं त्याने पक्कं केलं होतं, खोली न बघताच. महिनाअखेरपर्यंत तुम्ही दुसरीकडे बघा, असं तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की त्यावर भांडणही करता येईना. आईला त्याने सांगितलं, मालकाच्या मुलाला खोली स्वतःसाठी हवीय. आईने डबे पुढ्यात ओढले. मग म्हणाली, "त्याला कशाला हवी? बंगला आहे ना त्याचा?" आणि उत्तराची वाट न बघता डबे पुसायला लागली.

मग तो त्याला सगळ्यात जास्त तिरस्कार असलेल्या लोकांत सामील झाला. याच वस्तीत घर हवं होतं, कारण आईचा दवाखाना इथे, तिचा भाजीवाला इथे, ती हाक मारेल अशा चार बायका इथे. आणि या वस्तीत परवडेल अशी जी काही घरं होती त्यांतल्या अर्ध्यांचे फोटो त्यानेच काढले होते. त्याला कुठलाच फोटो बघून कशाचीच आशा वाटेना. हा पट्टा खोटा, ही खिडकी भिंतीवर उघडते, इथे मी स्टूलवरून पडता पडता वाचलो. दलाल जाडजूड होता, त्याच्या बोटात किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो बोलताना माणसाकडे न बघता किल्ल्यांकडे बघायचा. "काय करतात? कोण कोण आहे? लग्न नाही झालं? का?" त्या 'का'ला आईनेच उत्तर दिलं, "जमलं नाही," आणि ती कसनुशी हसली. पहिली खोली बघायला तीन जिने चढले, आई प्रत्येक वळणावर थांबत. दार उघडलं. आत शिरायला जागा नव्हती म्हणून ती दारातच उभी राहिली. तिने खोलीकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, पुन्हा खोलीकडे बघितलं. तो मनात म्हणाला, नको बोलूस. "फोटोत मोठी होती रे," ती म्हणाली.

"काकू, फोटोत सगळंच मोठं असतं," दलाल म्हणाला आणि त्याच्याकडे बघून डोळा मिचकावला, जणू या मूर्ख म्हातारीच्या विरोधात ते दोघे एका बाजूचे होते. खरं म्हणजे ते होतेच. हा फोटो त्याने मागच्या महिन्यात काढला होता, फ्रिजवर बसून.

दुसऱ्या घरची मालकीण खालीच राहत होती. तिने दोघांना दारात उभं करून आईच्या पायांकडे, पिशवीकडे, केसांकडे पाहिलं. आणि आई, जिने दारासमोरच्या भिंतीत बत्त्याने खिळा मारून येऊ दे त्याला विचारायला म्हटलं होतं तीच आई, हात पुढे गुंफून म्हणाली, "आम्ही दोघंच आहोत हो. आवाज नसतो आमचा. पाहुणे येत नाहीत. मी तर दिवसभर पडूनच असते." ती पडून नसते. ती सकाळी पाचला उठून भांडी आदळते. त्याला तिचा इतका राग आला की तो तिला तिथेच सोडून जिना उतरला, खाली रस्त्यावर उभा राहिला, आणि रागाचं करायचं काय ते न कळून एका बंद दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मोजत बसला. दहा मिनिटांनी ती उतरली. "तिला म्हातारी माणसं नकोत," ती म्हणाली. "आजारपण निघतं म्हणे. बरोबरच आहे तिचं." हे 'बरोबरच आहे' त्याला घरापर्यंत टोचत राहिलं. दारात उभं राहून पसाऱ्याची माफी मागणारे ते हजार लोक, त्यांच्यात आता ही. आणि तिला तिथे त्याने आणून उभं केलं होतं, कशासाठी, तर एका चहा पिणाऱ्या बाईने त्याच्या घराला खुराडं म्हणू नये म्हणून. हे त्याने आपल्याशी पहिल्यांदा सरळ शब्दांत कबूल केलं. कबूल करून काही हलकं वाटलं नाही.

महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. रविवार दुपार. तो फरशीवर बसून जुनी पुस्तकं खोक्यात भरत होता, आणि आई खाटेवर, खिडकीला पाठ लावून, फोन डोळ्यांपासून लांब धरून घरं बघत होती. शेजारच्या सुनेने तिला त्याच्या ऑफिसचंच ॲप लावून दिलं होतं. त्याने कधी लावून दिलं नसतं. बोटाने एकेक फोटो ढकलत ती पुटपुटत होती. "हे नको. हे लांब. याला पाणी नाही." मग बोट थांबलं.

"अरे, हे बघ."

"बघतो."

"बघतो काय, इकडे ये. हे बघ ना. काय सुंदर आहे."

तो उठून तिच्या शेजारी टेकला. फरशीवर उजेडाचा पट्टा पडला होता. भिंती फिकट हिरव्या, सलग. बाहेर पांढरं, मोकळं आकाश. पत्ता दिलेला नव्हता, तसा तो कधीच देत नाहीत. मुख्य रस्त्यापासून पाच मिनिटं, शांत, हवेशीर. आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुसणारी करते तसाच, आणि समोरच्या भिंतीवर नेला.

"भिंतीला एक खिळा नाही बघ," ती म्हणाली. "किती जपून राहिली असतील माणसं. तुझ्या बाबांसारखी." मग बोट खिडकीकडे सरकलं. "आणि खिडकी केवढी आहे रे! अशी खिडकी हवी होती त्यांना. शेवटी शेवटी म्हणायचे."

तिच्या पाठीमागे गजाला कॅलेंडर हलत होतं. त्याच्या मागे पाइप होता.

"आणि हे असलं घर सोडून चाललेत," आई म्हणाली. तिच्या आवाजात असा तिरस्कार त्याने कधी ऐकला नव्हता, आणि तरीही तो त्याच्या इतक्या ओळखीचा होता की त्याला वाटलं आपणच बोललो. "अंगात मस्ती असते एकेकाच्या. आहे त्याची किंमत नसते मेल्यांना. तुझ्या ऑफिसात विचार ना, कुणाचं आहे?"

"गेलं ते, आई," तो म्हणाला. "दिलं कुणाला तरी."

"वाटलंच मला," आई म्हणाली. ती आणखी क्षणभर फोटोकडे बघत राहिली. मग तिने बोटाने तो बाजूला सारला आणि पुढचं घर बघायला लागली.